पूर्ण दर्शनाची सवारी

आमच्या घरी दुचाकी नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघ्यात राहून दुचाकी नसणं म्हणजे घरात गॅस नसण्यासारखंच. नवीन शेजारी आले की पहिल्या आठवड्यात विचारतात, "ताई, गाडी दुरुस्तीला टाकली का?" मी हसून मान हलवते. खरं कारण सांगायला बसलं तर त्यांचा चहा थंड होतो.

माझा मोठा भाऊ कारंजा घाडग्याहून मोटरसायकलवर आंजीला, आमच्या घरी येत होता. हायवेवर, एका ढाब्याच्या वळणावर, ट्रकखाली गेला. पंचविशीही उलटली नव्हती त्याची. तेरवी झाली आणि आईनं घरातल्या प्रत्येकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. दोन चाकांवर कोणी बसायचं नाही. बाबांनी शपथ घेतली, मी घेतली. पुढं माझं लग्न झालं तेव्हा तिनं जावयालाही सोडलं नाही. हा बिचारा तेव्हा नवीन होता. त्याला वाटलं, बाईचं दुःख ताजं आहे, वर्षा-दोन वर्षांत निवळेल. त्याची मोटरसायकल त्याच्या भावाकडे गेली ती गेली. आजही कोणाची नवी गाडी दिसली की तो तिच्याकडे असा बघतो, की मलाच दुसरीकडे बघावं लागतं.

तर दुचाकी नाही म्हणून मी वर्ध्यातल्या बाकी सगळ्या वाहनांची पंडित झाले. कोणती ऑटो कुठून सुटते, कोणता ड्रायव्हर सीट भरल्याशिवाय हलत नाही, कोणती ई-रिक्षा चढावर मान टाकते, एसटीच्या कोणत्या गाडीची पायरी कमी उंच, सगळं मला तोंडपाठ. सायकलरिक्षावाले होते तोवर त्यांच्या बायकांची बाळंतपणंसुद्धा मला ठाऊक असायची. घरी पाहुणे यायचे म्हटलं की त्यांचं आरक्षण व्हायच्या आधीच माझा फोन जायचा. सेवाग्राम नावाच्या स्टेशनावर उतरलात तर तुम्ही सेवाग्रामात नसता, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की नवरा म्हणतो, तुझ्या फोटोखाली हेच लिहून भिंतीवर टांगू.

आणि पाहुणे भरपूर. गाव म्हणावं तर लहान, पण पाहायला येणारे देशभरातून येतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, परदेशातले लोक, खादीचे कुडते घालून फिरणारी पोरंपोरी. आमचे नातेवाईकही त्याच दिवसांत उगवतात. मी त्यांना घेऊन सकाळी निघायची. संग्रहालय, स्तूप, सेवाग्राम आणि शेवटी पवनारची नदी. दिवेलागणीला परत येईस्तोवर घरात पाटवडी-रस्सा, कोथिंबिरीची सांबारवडी, गोळाभात तयार. ते आई करायची. बाबा गेल्यावर ती आंजीहून माझ्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघर तिनं ताब्यात घेतलं. पाहुणे म्हणायचे, "मावशी, तुम्हीपण चला नं." ती म्हणायची, "आमचं कायचं पाहनं बापा, आमचं इथंच हाय. तुमी पाहून या." मीही जास्त आग्रह करायची नाही. ती आली असती तर रस्सा कोणी केला असता?

मागच्या हिवाळ्यात नवऱ्याच्या मामेबहिणीचं कुटुंब पुण्याहून आलं. जेवणं झाली. आईचे पाय तेव्हा सुजायला लागले होते, ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पाहुण्यांची मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली आणि मोबाइलमधले फोटो दाखवू लागली. मी समोर सुपारी कातरत होते.

"आजी, हे बघा, ही नदी. काय मस्त जागा आहे ना?"

आईनं मोबाइल हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे मोठं होते का?"

मुलीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. त्यात तिचाच अर्धा गाल आणि पलीकडे पाणी होतं.

"तो गाल बाजूले कर नं," आई म्हणाली. सगळे हसले. मुलीनं फोटो सरकवला. आईनं पाण्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "इथंच सोडलं का वं त्याले?"

सुपारी माझ्या हातातच राहिली. भावाची राख पवनारलाच सोडली होती, हे घरात सर्वांना माहीत. पण बायका स्मशानातही जात नाहीत आणि राख सोडायलाही नाहीत. बाबा आणि काका गेले होते, दोन-चार पुरुष सोबत. आम्ही घरी भिंती सारवत होतो. ते परत आले, अंगणात पाय धुतले, आणि बाबांनी एवढंच सांगितलं की पाणी खूप होतं. त्यानंतर त्या नदीवर मी कितीतरी माणसांना घेऊन गेले. त्यांना उभं करून फोटो काढले. आणि भावाला तिथं नेमकं कुठं सोडलं हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"मले नाई माहीत, आई," मी म्हटलं.

"मंग काय दाखवत जातं तू लोकायले?"

पाहुणे पुन्हा हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे.

त्या दिवसापासून तिनं धोसरा लावला. मले पवनारले नेऊन दे. डॉक्टरनं हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. पंपिंग कमी झालंय, चढउतार करायचा नाही, दगदग नको. मी डॉक्टरला विचारलं, नेऊ का? तो म्हणाला, न्यायचंच असेल तर आत्ताच न्या. तो असं म्हणाला ते मी आईला सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. तिनं त्याच संध्याकाळी आपलं हिरवं लुगडं इस्त्रीला दिलं.

आंजीला काकांना फोन लावला. काकांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"काका, दादाले कुठं सोडलं होतं? पवनारले नेमकं कुठं?"

"पुलाखाली! मोठा खडक हाय नं, त्याच्यापाशी! तवा पानी लय होतं, खडकाचा निस्ता शेंडा दिसे!"

"हाव, हाव."

"काऊन? काय झालं?"

"आईले पाहाचं हाय."

"नेजो मंग," काका म्हणाले. "पडू नको देजो तिले."

नवरा म्हणाला, शेजाऱ्यांची कार मागतो, ते नाही म्हणणार नाहीत. आईनं साफ नकार दिला. बंद गाडीत तिचा जीव कोंडतो, पोटात ढवळतं. एकदा लग्नाला नेलं होतं तर जवळच्या सेलूपर्यंत तीनदा गाडी थांबवावी लागली होती. एसटीची पायरी तिला जमणार नव्हती. राहिली ऑटो. मी म्हटलं, हे माझं खातं आहे, तुम्ही लक्ष घालू नका. आणि या खात्यातल्या पंडितेनं जी अक्कल लढवली ती अशी: रविवारी जाऊ. रविवारी सहलीवाले येतात, ऑटो ढिगानं असतात, वाटेल ती मिळेल.

रविवारी सकाळी आईला ई-रिक्षात बसवून स्टँडवर आणलं. ऑटो होत्या, ढिगानं होत्या. पण एकही पवनारला यायला तयार नव्हती.

"ताई, आज सिंगल पवनार नाई," एक ड्रायव्हर म्हणाला. मला ओळखणारा, मी त्याला किती सवाऱ्या दिल्या असतील. "सीझन हाय नं. आज फक्त पूर्ण दर्शन."

"अरे, मला कुठं दर्शन करायचंय? मी इथलीच आहे."

"मले माहीत नाई का? पन लायनीत गाडी लावली. पूर्ण दर्शनाची सवारी सोडून सिंगल मारली तं बाकीचे मले लायनीतून काहाडतीन. तुमी बसा नं, दोन सवाऱ्या आधीच हायेत. पवनार बी येतेच त्याच्यात."

"आधी पवनारला घे मग."

"तसं नाई होत ताई. संग्रहालय, स्तूप, सेवाग्राम, शेवटी पवनार. पवनारले संध्याकाळी चांगलं वाटते, फोटो चांगले येते."

हे शेवटचं वाक्य माझंच होतं. पाहुण्यांना मी हेच सांगायची आणि ड्रायव्हरांना तोच क्रम लावून दिला होता. मी त्याच्याशी आणखी वाद घातला असता, पण तोवर आई दांडीला धरून ऑटोत चढली होती आणि लुगडं सावरून बसलीही होती.

"बस वं," ती म्हणाली. "कायले भांडून राह्यली. शेवटी तं नेतेच नं."

आधीच्या दोन सवाऱ्या म्हणजे बाहेरगावचं एक मध्यमवयीन जोडपं. हिंदी बोलणारं, हसतमुख. बाईनं सरकून आईला कडेची जागा दिली.

"माताजी, पहली बार आए हो?"

"हाव," आई म्हणाली. "पहली बार."

"कहाँ से?"

"इथंच राह्यते."

बाईला ते कळलं नाही, तरी तिनं समजल्यासारखी मान हलवली.

मग आमचं दर्शन सुरू झालं. संग्रहालयापाशी जोडपं उतरलं, आम्ही ऑटोतच बसलो. आई म्हणाली, ऊन चांगलं लागते. स्तूपापाशी जोडपं उतरलं, आम्ही बसलो. ड्रायव्हरनं आईला पेरू आणून दिला. तिला चावत नव्हता म्हणून तो मी खाल्ला. सेवाग्रामला सहलींच्या बसेसची रांग रस्त्यापर्यंत आली होती. जोडपं आत गेलं ते येईच ना. आईचा श्वास हळूहळू वर यायला लागला होता. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते.

"घरी जाऊ का आई? पुढच्या आठवड्यात येऊ. मधल्या दिवशी."

"इतलं सगळं पाहून झालं," ती म्हणाली, "आता नदी ठेवून जाऊ का?"

तिनं काहीच पाहिलं नव्हतं. एक भिंत, एक झाड आणि बसचा मागचा भाग.

पवनारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गर्दी इतकी की गाड्या अलीकडच्या मैदानातच अडवत होते. दोरी बांधलेली होती आणि शिट्टी घेतलेला एक माणूस उभा होता. ड्रायव्हर त्याला म्हणाला, म्हातारी आहे, खालपर्यंत सोडू दे. तो म्हणाला, सगळ्याच गाडीत म्हातारी आहे. खोटं नव्हतं ते. मी मैदानात नजर फिरवली तर खरंच, सगळ्याच गाड्यांत कोणी ना कोणी तसं बसलं होतं.

आई उतरली. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागली. कणसं भाजणाऱ्यापर्यंत आलो, तिथून पुढं बोराच्या हातगाडीपर्यंत. तिथं ती थांबली. तिचे ओठ निळसर दिसत होते. पुढं उतार होता आणि मग पायऱ्या. पाणी दिसत नव्हतं. मध्ये माणसं, फुगे, आइस्क्रीमची छत्री.

"बस," ती म्हणाली, आणि बोरवाल्याच्या उलट्या टोपलीवर बसली. त्यानं वजनाचा काटा बाजूला घेतला.

मी म्हटलं, मी पाठीवर घेते तुला. ती माझ्याकडे बघून हसली. माझं स्वतःचं वजन बघता ते हसणं बरोबरच होतं. शिवाय त्या पायऱ्या मला ठाऊक होत्या.

सोबतची बाई सगळं बघत होती. "माताजी, आप बैठिए," म्हणाली. "मैं वीडियो बनाकर लाती हूँ." आणि गेली. परत येऊन बाईनं मोबाइल पुढं केला. व्हिडिओत ती स्वतः होती, मागं पाणी होतं आणि ती सांगत होती की इथं फार शांती आहे. आईनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत दिला. "छान हाय," म्हणाली.

मग आम्ही परत ऑटोत बसलो. रस्त्याला मध्ये दुभाजक, त्यामुळे वर्ध्याकडे वळायला पूल ओलांडून पुढं जावं लागतं आणि पुन्हा पुलावरून यावं लागतं. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं. ऑटो पुलावर चढली तेव्हाच सुचलं.

"आई, पूल. हाच पूल."

ती सावध झाली. तिच्या बाजूला ड्रायव्हरनं थंडीसाठी प्लास्टिकचा पडदा सोडला होता. तो तिनं ओढायला सुरुवात केली, मला गाठ सुटेना.

"भाऊ, थांब जरा."

"ताई, पुलावर नाई थांबता येत. पावती फाडतेत."

पण परत येताना पुढं बसेस अडकल्या आणि त्याला थांबावंच लागलं. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. तोवर गाठ सुटली. मी पडदा वर धरला आणि आई बाहेर वाकली.

खाली नदी होती. हिवाळ्यातली, खडकांमधून वाट काढणारी, कुठं घोट्याएवढी तर कुठं त्याहून थोडी. आई कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढंच पानी?" ती म्हणाली.

"तेव्हा जास्त होतं. काका म्हणाले नं. श्रावण होता तो."

"खडक कोनता वं?"

खडक पुष्कळ होते आणि प्रत्येकावर कोणीतरी उभं राहून फोटो काढत होतं. एक त्यातल्या त्यात मोठा होता. त्यावर लाल स्वेटरातले एक गृहस्थ दोन्ही हात पसरून उभे होते.

"तो असावा," मी म्हटलं.

आईनं डोक्यावरून पदर घेतला. "त्याले उतरवा म्हना कोनी," ती म्हणाली. माझ्याशी नाही, अशीच.

सोबतच्या माणसानं खिशातून एक नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. "माताजी, नदी में डालिए. मनोकामना पूरी होती है."

आईनं ते नाणं परत त्याच्या तळहातावर ठेवलं. "मले काई मांगाचं नाई बापा."

गृहस्थ खडकावरून उतरले. खडक रिकामा झाला. आईनं तेवढं पाहिलं. मग बसेस हलल्या आणि ऑटो निघाली. वर्धा येईस्तोवर ती डोळे मिटून होती. घरी आल्यावर मात्र दोन घास जास्त जेवली. काकांना स्वतः फोन करायला लावला आणि ओरडून सांगितलं, "पाह्यला म्या खडक! हाव! मोठा हाय!" काकांना किती ऐकू गेलं देव जाणे. नवरा मला म्हणाला, "जमलं बरं का तुला." मीही जरा फुगले. इतक्या लोकांना नदी दाखवली, पण जिला दाखवायची तिला एकदाच दाखवली आणि तेही जमलं, असं मनात म्हणत होते.

चैत्रात आई गेली. झोपेत नाही, फार त्रास होऊन गेली. ते लिहीत नाही.

राख घेऊन जायला गाडी आली तेव्हा पुरुष मंडळी बसू लागली. मी चपला घातल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसले. काका मागून म्हणाले, "तू कुठं वं?" मी म्हटलं, "जागा हाय नं गाडीत." ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

पवनारला त्या दिवशी कोणीच नव्हतं. शिट्टीवाला नाही, दोरी नाही. गाडी खालपर्यंत गेली. काका काठी टेकत पुढं निघाले आणि पुलाखालून पलीकडच्या अंगाला गेले. मी म्हटलं, "काका, इकडं. खडक इकडं आहे."

"हा पाह्य नं," काका म्हणाले. त्यांची काठी पुलाच्या दुसऱ्या बाजूच्या एका खडकावर होती. काळा, मधोमध चिरलेला. "इथं सोडलं होतं त्याले."

"त्या बाजूचा नाही?"

"तिकडं कोन सोडते वं? तिकडून पानी येते. जाते तं इकडून."

मी वर पुलाकडे पाहिलं. आम्ही त्या दिवशी जिथं अडकलो होतो तिथून हा खडक दिसत नव्हता. आई ज्या बाजूला बसली होती तिथून तर नाहीच. काकांना मी काही सांगितलं नाही. ते वाकून मडक्याचं फडकं सोडत होते.

पाणी घोट्यापर्यंतही नव्हतं. राख सोडली ती तिथंच थबकली, खडकाला लागून राखाडी साय धरल्यासारखी. हलेना. काका खाली बसले आणि हातानं पाणी पुढं लोटू लागले. "जा माय," म्हणाले, "जा." मग मीही त्यांच्या शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी पाणी ढकलू लागले.